पळतं गाणं

गेल्या रविवारी भाची आरशासमोर गिरकी घेता घेता पडली. लागलं फारसं नाही, कोपर तेवढं खरचटलं. पण त्याआधी ती आठ-दहा वेळा तीच गिरकी घेत होती आणि मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत तिच्याकडे बघत होते. आरशाला टेकवून फोन उभा केलेला, त्यावर गाण्याचा व्हिडिओ. त्यात गायिका धुक्यातून पुढे येते आणि एक गिरकी घेते. आधी नुसती ती वळते, केस मागेच राहतात, मग उशिरा आठवण झाल्यासारखे खांद्यावरून येतात. झग्याचा घेर वर उचलला जातो, तिथेच थोडा रेंगाळतो आणि पाण्यात सोडलेल्या कापडासारखा निवांत खाली उतरतो. सहा सेकंदांची ती एक गिरकी आहे. भाची तितक्याच संथपणे वळायला बघत होती. डावा पाय उचलायची, हनुवटी वर करून डोळे अर्धवट मिटायची, डाव्या हाताचा अंगठा बोटांवरून हळूच फिरवायची, आणि पाव वळण होतंय न होतंय तोच तोल जायचा. केस तर लगेच खाली येऊन पडायचे. ते दोन्ही हातांनी मागे टाकायची की पुन्हा पहिल्यापासून. तोंडातून एक शब्द नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एखादी गोष्ट जमत नसली की तिचा चेहरा किती मोठ्या माणसासारखा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"मावशी, तिला एवढं हळू कसं जमतं?" पडल्या जागी बसूनच तिनं विचारलं.

त्या शूटिंगला मी होते हे तिला ठाऊक आहे, म्हणून प्रश्न मला. मी घाईघाईनं म्हणाले, "अगं, ती हळू फिरतच नाही. भर्रकन फिरते. ते नंतर हळू दिसतं." ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे खोटं आहे?" मी म्हटलं, "खोटं कसं? फिरली तर तीच." "पण मग तिलाही येत नाही ना?" यावर मला पटकन काही सुचेना. पोरीला बरं वाटावं म्हणून मी सांगून टाकलं, की त्या रात्री तिचाही तोल गेला होता, एकदा नाही, दोनदा. मला वाटलं होतं चेहरा खुलेल. तसं काही झालं नाही. तिनं फोन पालथा घातला, कोपरावर फुंकर मारली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

मी हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. सांगितलं ते सगळं खरं होतं. तरी काहीतरी चुकीचं सांगितल्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलून दाखवल्यासारखं. आमच्या कामात सेटवर दिसलेलं सेटवरच ठेवायचं असतं. कागदावर सही घेतात हे झालंच, पण सही नसती तरी ते पाळायचं असतं. पहाटे तीन वाजता एखादी व्यक्ती कशी दिसते, दमली की कुणावर चिडते, कुणाची माफी मागते, हे बघण्याची मुभा आपल्याला मिळते ती आपण तिथे काहीतरी करतोय म्हणून. बघायला म्हणून कुणी बोलावलेलं नसतं. आणि मी तर त्यातला तिचा पडता क्षण उचलून एका मुलीच्या हातात दिला, तोही त्या मुलीला नको असताना.

सेटवर माझं काम प्लेबॅकचं, म्हणजे गाणं वाजवण्याचं. व्हिडिओत तोंडात बसणारे शब्द आधीच कधीतरी रेकॉर्ड झालेले असतात. चित्रीकरणाच्या वेळी ते गाणं मोठ्यानं वाजवायचं आणि गाणाऱ्यानं त्यावर ओठ जुळवायचे. कुणीतरी "प्लेबॅक!" म्हणून ओरडतं, मी सुरू करते. "कट!" झालं की थांबवते. बाहेरून पाहिलं तर एवढंच. पण गाणं सलग वाजत नाही, तुकड्यांनी वाजतं. दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ, तिच्या आधीच्या चार मात्रा, त्या मात्रांवर टिक-टिक-टिक-टिक, म्हणजे गाणारीला श्वास घ्यायला जागा मिळते. तेवढाच तुकडा वीस वेळा. मग कॅमेरा हलतो, दिवे हलतात, तासभर जातो, आणि पुन्हा तोच तुकडा. एका रात्रीत एकेक ओळ माझ्या बोटाखालून इतक्यांदा जाते की तिचे शब्द झिजतात. नुसत्या जागा उरतात: इथे 'स' जोरात येतो, इथे श्वास ऐकू येतो, इथे मागचं व्हायोलिन किंचित आधी सुटतं. लोक विचारतात, कसं आहे गं गाणं? मला सांगता येत नाही. शूटिंग झाल्यावर कित्येक आठवडे मी ते गाणं ऐकलेलंच नसतं, वाजवलेलं असतं.

स्पीकर कुठे ठेवायचा हीसुद्धा रात्रभराची काळजी. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ऐकायला हा वेग खूप वाटतो, पण गाणारी तीस मीटरवर उभी असली तर तिच्या कानापर्यंत गाणं पोचायला सेकंदाचा अकरावा भाग लागतो, आणि तेवढ्यात सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चोवीस चित्रं, टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं दोन फ्रेम उरकलेल्या असतात. दोन फ्रेमनी ओठ मागे पडले तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून स्पीकर तिच्या जवळ हवा. दूरवरून सगळी जागा दिसणारा शॉट असला की तो खांबामागे, पायऱ्यांखाली, कुठेतरी लपवायचा. कानात बारीक इअरपीस घालता येतो, पण गिरकीत तो निसटतो, त्यामुळे त्या रात्री स्पीकरच होते. चार खांबांमागे चार. त्यांच्या वायरी जमिनीवरून माझ्या टेबलापर्यंत. प्रत्येक वायर टेपनं चिकटवत मी शेडभर उकिडवी फिरले होते.

आणि मग संथ शॉट. संथपणा कॅमेऱ्यात असतो, माणसात नाही, हे भाचीला सांगताना मला किती सोपं वाटलं होतं! सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम टिपायच्या आणि दाखवताना २४ नंच दाखवायच्या, की एका सेकंदाचे दोन होतात. केस, कापड, धूळ, पाणी, सगळं निम्म्या वेगानं. ओठही निम्म्या वेगानं, आणि तिथे पंचाईत होते, कारण गाणं तर मूळ लयीतच राहणार. म्हणून शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गाणारीनं दुप्पट वेगानं म्हणायचं, म्हणजे चित्र संथ केल्यावर ओठ मूळ गाण्यावर बरोबर येऊन बसतात. आमच्याकडे त्याला कुणी दोनशे टक्के म्हणतं, कुणी नुसतं 'डबल'. मला मात्र लहानपणी तबल्याच्या क्लासमध्ये ऐकलेला शब्द आठवतो, दुगुन. वेग वाढला तरी सूर जागेवर राहावा अशी सोय ज्या फाइलमध्ये केलेली नसते ती दुप्पट वेगानं लावली की गाणं बरोबर एक सप्तक वर जातं, सा चा तार सा होतो. दीडपट लावली, म्हणजे ३६ फ्रेमच्या शॉटला, तर सा चा पंचम होतो. पहिल्यांदा हे कानावर पडलं तेव्हा मी सेटवर एकटीच हरखले होते. एवढ्या यंत्रांच्या पसाऱ्यात खाली तोच जुना हिशेब चाललेला आहे, तारेच्या लांबीचा आणि सुराचा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पण ऐकायला ते गाणं विचित्र लागतं. विरहाचं गाणं चिमण्यांच्या आवाजात, धावत. पहिल्या वेळी सगळे हसतात. पाचव्या वेळेपर्यंत कुणी हसत नाही.

वेळ ताणण्याची ही युक्ती फार जुनी. ऑस्ट्रियातल्या ऑगस्ट म्युस्गर नावाच्या एका धर्मगुरूनं १९०४ साली फिरत्या आरशांच्या यंत्रानं हे साधण्याचं पेटंट घेतलं होतं. कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायच्या दिवसांत दांडा भरभर फिरवला की पडद्यावर माणसं हळू चालायची. त्या मूकपटांच्या दिवसांतली आणखी एक गोष्ट मला आमच्या फार जवळची वाटते. तेव्हा आवाज टिपलाच जात नसे, म्हणून सेटवर वादक बसवत. नटीला रडू यावं, दृश्याला रंग चढावा म्हणून कुणी तिथेच व्हायोलिन वाजवायचं. पडद्यावर ते वादन कुणाला ऐकू यायचं नाही, नटीच्या चेहऱ्यावर तेवढं राहायचं. म्युझिक व्हिडिओच्या सेटवरही आवाज टिपत नाहीत. म्हणून टेक चालू असताना दिग्दर्शक खुशाल ओरडतो, "मान वर! आता डावीकडे! थांब, थांब, आता बघ!" पंखे घोंघावतात, ट्रॉलीची चाकं कुरकुरतात, आणि या सगळ्या गलक्यात गाणारी एकटी आपल्या विरहात उभी असते. नुसते ओठ हलवून भागत नाही. गळ्याच्या शिरा, छातीतला श्वास, शब्दाच्या शेवटी सैल पडणारा जबडा, हे सगळं कॅमेऱ्याला दिसतं, म्हणून तिला खरोखर गावं लागतं, मोठ्यानं. आणि ते गाणं कुणीच ऐकत नाही, कारण माझा स्पीकर त्याहून मोठा असतो.

त्या रात्रीची जागा म्हणजे एक रिकामी शेड होती, उंच छताची. हेझर नावाच्या यंत्रातून सतत धूसर वाफ सोडत होते. ती दिव्यांच्या झोतात फार देखणी दिसते, पण हळूहळू जमिनीवर बसते आणि फरशी निसरडी करते. स्पॉटदादा दर टेकनंतर कोरडं फडकं बांधलेला मॉप घेऊन धावत यायचे आणि तिच्या पावलांपुरती जागा पुसून जायचे. अठ्ठेचाळीस फ्रेमना प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला निम्माच वेळ येतो, म्हणून प्रकाश दुप्पट लागतो. दिवे वाढवले होते आणि त्यांच्याखाली उभं राहिलं की टाळू तापायची. ती यायच्या आधी दोन तास तिच्या जागी एक मुलगी उभी होती, तिच्याच उंचीची, दिवे लावण्यापुरती. तिच्या चेहऱ्यावर सावल्या बसवल्या, तिच्या नाकावर अंतर मोजलं, तिच्या पायाशी टेपची खूण मारली. मग कुणीतरी आवाज दिला, "मॅम निघाल्या," आणि ती मुलगी खुणेवरून बाजूला होऊन माझ्या टेबलापाशी आली, पाणी प्यायली. तिच्या गालावर अजून प्रकाशाची ऊब होती. "छान लागलाय लाइट," ती म्हणाली. स्वतःच्या घरातली खोली दुसऱ्याला राहायला देताना म्हणावं तसं.

गायिका आली ती पायात साध्या चपला घालून, उंच टाचांच्या हातात धरून. मी तिला याआधी पडद्यावरच पाहिलेलं. जवळून बघताना मला तिच्यात पहिल्यांदा काय दिसलं असेल तर तिची मान. सतत किंचित पुढे, काहीतरी ऐकत असल्यासारखी. ती थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, "डबल आहे ना? एकदा कानात देता का, नुसतं ऐकते." मी हेडफोन दिला. तिनं डोळे मिटून तो तुकडा तीनदा ऐकला. ओठ हलले नाहीत. हेडफोन परत देताना म्हणाली, "ऐंशीचं एकशे साठ. बरं." गाणं मिनिटाला ऐंशी मात्रांचं होतं. दिग्दर्शकापासून स्टायलिस्टपर्यंत त्या रात्री कुणीही त्या गाण्याबद्दल माझ्याशी आकड्यात बोललं नव्हतं. ती बोलली.

मग गिरकी. आठ मात्रांची गिरकी. व्हिडिओत सहा सेकंद, खरी तीन. तीन सेकंदांत आख्खं वळण, उंच टाचांवर, निसरड्या फरशीवर, आणि त्यातच दीड ओळ गाणं, चेहऱ्यावर मात्र घाईचा लवलेश नको. ही सगळ्यात कठीण गोष्ट आहे. वेगानं हलणाऱ्या माणसाचा चेहराही वेगाचा होतो, भुवया आक्रसतात, ओठ ताणले जातात. शरीर धावतंय आणि चेहरा निवांत, हे जमवायला लागतं. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा गायक ख्रिस मार्टिन यानं २००२ साली उलट्या दिशेनं चालणाऱ्या एका व्हिडिओसाठी आख्खं गाणं उलटं म्हणायला शिकून घेतलं होतं. ते वाचलं तेव्हा मला त्याच्या तोंडातल्या त्या निरर्थक अक्षरांचं फार वाटलं. बघणाऱ्याला साधं गाणं दिसतं, पण त्या क्षणी माणसाच्या तोंडात खरं काय होतं ते तिथल्या चार जणांखेरीज कुणी ऐकलेलं नसतं.

चौथ्या टेकला तिचा तोल गेला, कोरिओग्राफरनं धावत येऊन दंड धरला. सातव्यालाही गेला. मी भाचीला सांगितलं ते हे. नवव्या टेकचं मी तिला सांगितलं नाही.

नवव्या टेकला माझी चूक झाली. खांबांकडे जाणाऱ्या चार वायरी मी चिकटवल्या होत्या, पण टेबलापाशी जिथे त्या एकत्र येत होत्या तिथला हातभर भाग मोकळा राहिला होता. नंतर चिकटवू म्हणून. रात्री दीडला म्हटलं होतं नंतर, आता साडेतीन झाले होते. दिव्याचा एक स्टँड सरकवताना कुणाचा तरी पाय त्यात अडकला आणि मूळ जोड निघाला. टेक सुरू होऊन ओळ निम्मी झाली होती. गाणं एकदम गेलं. चारही खांबांमागून एकदमच. एवढ्या आवाजानंतर ती शांतता कानावर आदळली. दिग्दर्शकाचं ओरडणंही थांबलं, कारण त्यालाही वाटलं, काय झालं.

ती थांबली नाही.

ती गात होती. पहिल्यांदाच आम्हाला तिचा आवाज ऐकू आला. माझ्या फाइलमधल्या किणकिण्या आवाजाच्या एक सप्तक खाली, तिच्या स्वतःच्या पट्टीत, थोडा फाटलेला, पण धावत. दुप्पट वेगानं, एकशे साठच्या लयीत, कुठेही न सुटता. मधे श्वास ऐकू येत होता. पंखे फिरत होते, टाच फरशीवर घासली त्याचा लांबट आवाज आला, घेर वर उठताना कापडाचा फडफडाट झाला. मी वायरीचं टोक हातात धरून उभी. खुपसलं तर गाणं भलत्याच जागी सुरू होईल म्हणून खुपसवत नव्हतं. आणि तिथून, टेबलापासून, मला तिचा डावा हात दिसला. कमरेपाशी, घेराच्या चुणीत अर्धा बुडालेला. अंगठा एकेका बोटावरून पुढे सरकत होता. ती मोजत होती. एक, दोन, तीन, चार, करंगळीपाशी जाऊन परत. चेहऱ्यावर तेच ते निवांत, हरवलेलं हसू, आणि खाली अंगठा बिनचूक चाललेला. आठव्या मात्रेला ती कॅमेऱ्यासमोर येऊन थांबली. कानातलं डूल केसांत अडकून उलटं झालं होतं.

"कट," दिग्दर्शक जवळजवळ कुजबुजला. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सेटवर तसं सहसा होतही नाही. स्पॉटदादा मॉप घेऊन आले. मी तिथूनच म्हणाले, "सॉरी मॅम, माझी वायर." तिनं गुडघ्यांवर हात टेकून दोन श्वास घेतले, मान वर करून मला शोधलं आणि विचारलं, "लय गेली का?" मी मान हलवली. नाही. "मग बरं," ती म्हणाली आणि खुणेवर परत गेली. त्यानंतर अजून दोन टेक झाले. वायर मी चिकटवली, तिच्यावर उभी राहिले, आणि माझे गुडघे कितीतरी वेळ थरथरत होते, चुकीमुळे की ऐकलेल्या त्या दीड ओळीमुळे, मला अजून ठरवता येत नाही.

दोन महिन्यांनी व्हिडिओ आला. मी रात्री एकटीनंच पाहिला, आवाज बंद करून, सवयीनं. गिरकी आली तेव्हा मी थांबवून पुन्हा पाहिली. डूल उलटं होतं. इतक्या टेकमधून त्यांनी नववाच घेतला होता. दिग्दर्शकाला, संकलकाला तो का आवडला असेल ते मला माहीत नाही. कदाचित त्यांना चेहरा आवडला असेल. ओठ तर चपखल बसले होते. सहा सेकंद ती विरघळल्यासारखी फिरते, मागे गाणं वाजतं, मऊ, ऐंशीच्या लयीत, आणि त्या चित्राखाली खरं काय होतं, ती शांतता, ती टाच, तो फाटका धावता आवाज, ते कुठेच नाही. माझ्याकडेही नाही. काम संपलं की आमच्याकडच्या फाइल पुसायच्या असतात आणि त्या आवाजाची तर फाइलच नव्हती.

१ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा व्हिडिओच्या कोपऱ्यात गाण्याचं, गायकाचं, अल्बमचं, कंपनीचं नाव यायचं. दिग्दर्शकाचं नाव त्या पाटीवर यायला १९९२ साल उजाडलं. बाकीच्यांचं आजही क्वचित येतं. तरुणपणी मला याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. ज्या मुलीच्या चेहऱ्यावर दिवे बसवले तिचं, मॉप घेऊन धावणाऱ्या दादांचं, कुणाचंच नाव नाही, आणि कोट्यवधी लोक ते बघणार. तो राग पूर्ण गेलेला नाही, जाऊही नये. पण त्या व्हिडिओच्या बाबतीत मला नाव नको होतं. दुसरंच काहीतरी हवं होतं. कुणीतरी मला विचारावं, की त्या सहा सेकंदांत तिथे ऐकू काय आलं. इतक्या दिवसांत कुणी विचारलं नाही. विचारलं ते भाचीनं, तिच्या पद्धतीनं. आणि मी तिला चौथा टेक सांगितला. सातवा सांगितला.

हे लक्षात यायला मला बुधवार उजाडला. पोळ्या लाटता लाटता एकदम डोळ्यासमोर आलं, आरशासमोरची ती, हनुवटी वर, पाय उचललेला, आणि डावा हात. अंगठा बोटांवरून फिरतोय. मी ते पाहत होते आणि मला दिसलं नव्हतं. इतक्या जणांनी तो व्हिडिओ पाहिला असेल, मी स्वतः किती जणांना दाखवला, घेराच्या चुणीतला तो अर्धा हात कुणाच्या नजरेत आला नाही. या पोरीनं तो उचलला होता. काय आहे ते माहीत नसताना, केसांसारखाच, हनुवटीसारखाच, गिरकीचा एक भाग म्हणून. एवढं बारीक बघणाऱ्या मुलीला मी "ते नंतर हळू दिसतं" सांगून मोकळी झाले होते.

काल ती आली. मी विषय काढला नाही, तिनंच काढला. "तुझं ते पळतं गाणं दाखव ना." फाइल नव्हतीच, पण फोनवर व्हिडिओचा वेग दुप्पट करता येतो, तसा करून लावला. ती गडगडाटी हसली, तीनदा लावायला लावलं. मग मी तिला भर्रकन फिरायला सांगितलं आणि माझ्या फोनच्या संथ कॅमेऱ्यात टिपलं. बघताना तिचा श्वासच थांबला. तिचे केस हवेत तरंगत होते, फ्रॉकचा घेर छत्रीसारखा उघडत होता. हळू फिरलं तर घेर उठतच नाही, हे मी तिला सांगितलं. उठायला वेग लागतो. तिनं ते चारदा पाहिलं, आईला दाखवायला नेलं, आणि पाच मिनिटांत परत आली. मला वाटलं, झालं, आता दिवसभर हेच. पण तिनं फोन पलंगावर ठेवला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली.

"आता खरं हळू," ती म्हणाली.

मी म्हटलं, "थांब, हे काय करतेस माहितीय?" आणि तिचा डावा हात धरून अंगठा तर्जनीवर टेकवला. "हे ती मोजतेय. त्या वेळी गाणं बंद पडलं होतं. माझ्यामुळे." ती वळून माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं सांगितलं. वायर, शांतता, आवाज, डूल. ती मधे काही बोलली नाही. शेवटी तिनं एकच विचारलं, "किती मोजले?" मी म्हटलं, आठ. मग तिनं जराशी खाकरून घेतलं, हनुवटी वर केली. या वेळी पाय उंच उचलला नाही, जमिनीवरच थोडा थोडा सरकवत वळायला लागली. केस खाली, घेर खाली, काहीच तरंगत नव्हतं. मला म्हणाली, "तू मोठ्यानं मोज, मी हातावर मोजते." मी मोजायला लागले, ऐंशीहूनही खूप संथ. एक. दोन. तीनला ती खिडकीकडे तोंड करून होती. चारला तिची पाठ माझ्याकडे, मानेवरचे बारीक केस घामानं चिकटलेले. पाचला पाऊल किंचित घसरलं, उजवा हात बाहेर आला, बोटं हवेत पसरली, डावा अंगठा मात्र जागचा हलला नाही, करंगळीपाशी जाऊन वाट बघत थांबला.

"सहा," मी म्हटलं.